तंबू, तळे आणि टिनाचा डबा

दिवाळीच्या अंकात या सदरात काय लिहावे, यावर आमच्या घरी दरवर्षी मतभेद होतात. आईचे म्हणणे, सणासुदीला काहीतरी देवाधर्माचे असावे. हिचे म्हणणे, निदान या खेपेला घरातल्या माणसांना वगळावे. चिरंजीव नववीत गेल्यापासून त्यांचे मत असे आहे की लिहूच नये. यंदा मात्र विषय त्यांनीच पुरवला, आणि त्यात देवाधर्मही आला, तेव्हा दोघांची तरी समजूत पटावी.

झाले असे की, चिरंजीवांनी मोबाइलवर अमेरिकेतले कुठलेसे सरोवर पाहिले. काठावर रंगीत तंबू, मागे डोंगर, एक कुटुंब पाठीवर पिशव्या बांधून निघालेले. ते पाहून त्यांनी आम्हांला विचारले, “बाबा, आपण असं का नाही करत? आपण कुठंही गेलो की जेवायचं कुठं हेच आधी ठरतं.” प्रश्न रास्त होता. आमच्या घराण्यात सहल म्हणजे डब्यांची मिरवणूक. शिवाय त्यांनी उत्तरही तयार ठेवले होते. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “हे बोरधरण. नागपुरापासून दोनेक तास. डोंगर आहे, जंगल आहे, तळं आहे. तंबू मित्राकडे आहे. दिवाळीनंतर दोन रात्री काठावर राहू आणि दिवसा डोंगर चढू.”

मुलाने एवढी तयारी गणिताची केली असती तर, असे मनात आले. पण जागा त्यांनी चांगली निवडली होती हे कबूल केले पाहिजे. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे, बोर नदीवर मातीचे धरण आहे. भोवती सागाचे, बांबूचे, तेंदूचे जंगल आणि लहान-मोठ्या टेकड्या. १९७० साली त्याचे अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे देशातल्या व्याघ्रप्रकल्पांत धाकटे भावंड. पण वाघ आहेत, बिबटे आहेत, अस्वले आहेत, रानकुत्री आहेत; सांबर, चितळ, रोही तर आहेतच. पावसाळ्यात बंद असलेले फाटक ऑक्टोबरात उघडते. तेव्हा तळे भरलेले असते आणि थंडीबरोबर बाहेरदेशीची बदके उतरू लागतात. गवत मात्र पुरुषभर उंच असल्याने वाघ दिसेल तो नशिबाने. वाघच पाहायचा असेल तर लोक एप्रिल-मेच्या उन्हात जातात. आम्हांला तळे हवे होते, म्हणून दिवाळीच बरी.

मग मी वनखात्याकडे फोनवर चौकशी केली. पलीकडच्या गृहस्थांनी फार सौजन्याने सगळे समजावून सांगितले. आत जायचे ते गाडीतून, सोबत वाटाड्या घेऊन, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या रस्त्याने. आरक्षण आधी करायचे; आठवड्यातला सुटीचा वार पाहून घ्यायचा. गाडीतून उतरायचे नाही. पायी हिंडायचे नाही. सूर्यास्तानंतर आत थांबायचे नाही. “आणि तंबू?” मी विचारले. थोडा वेळ शांतता पसरली. “साहेब,” ते म्हणाले, “मुलं किती वर्षांची आहेत?”

चिरंजीवांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जो पडला तो दोन दिवस वर आला नाही. “मग अमेरिकेत कसं चालतं? तिथं अस्वलं नाहीत का?” आहेत. यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १८७२ सालचे. तिथे नेमून दिलेल्या जागी तंबू ठोकता येतो, आणि अस्वलापासून शंभर यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. पण तिथले खाणे रात्री लोखंडी पेटीत बंद करावे लागते. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवायचा नाही. आमच्या घरच्यांनी बिस्किटाचा पुडा दूर ठेवून रात्र काढली आहे असे मला आठवत नाही. पण खरे कारण निराळेच आहे. ते उद्यान जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचे. आपले बोर त्याच्या साठाव्या हिश्शाहून लहान. एवढ्याशा जागेत वाघिणीला पिले वाढवायची आहेत. तिथे दर शनिवारी पन्नास तंबू पडले तर निघून जावे लागेल ते तिलाच. शिवाय वाघ उभ्या माणसाला सहसा टाळतो. पण वाकलेल्या, बसलेल्या माणसाच्या बाबतीत त्याची फसगत होऊ शकते. विदर्भात वाघाच्या हल्ल्यात सापडतात ती माणसे बहुधा मोहफुले वेचणारी, तेंदूपाने तोडणारी, सरपण गोळा करणारी, नाहीतर गुरांमागे गेलेली असतात. चूल फुंकायला बसलेला सहलकरी त्याला वेगळा कसा ओळखू यावा?

गाडीतून जाणारेही सगळे शहाणेच असतात असे नाही. २०२४ च्या ३१ डिसेंबरला आमच्याच शेजारच्या उमरेड-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह दोन्ही बाजूंनी अडवले. सरते वर्ष साजरे करायला गेलेली, आपल्यासारखीच मुलाबाळांची माणसे असणार ती. नागपूर खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. हे मी जेवताना सांगितले तेव्हा हिने हातातली पोळी तव्यावर टाकता टाकता विचारले, “त्या गाडीत आपण असतो, तर चालकाला मागं घे म्हणून कोण म्हणालं असतं?” कोणी उत्तर दिले नाही.

तंबू बारगळला आणि सहलीचा कारभार आपोआप आईच्या हाती गेला. तिचे माहेर केळझर. नागपूर-वर्धा रस्त्यावरचे हे गाव, नागपुरापासून पन्नासेक किलोमीटर. जुन्या किल्ल्याच्या जागी, टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. आईने निकाल दिला, “आधी केळझर. गणपती. मग तुमचं तळं आणि काय ते.” आणि लगेच ती फराळाच्या डब्यांकडे वळली. चार तासांत स्वयंपाकघरात जे काही जमले ते पाहून मला केळझरचीच जुनी गोष्ट आठवली.

गावकरी सांगतात की केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी. लाक्षागृहातून निसटलेले पांडव इथे ब्राह्मणाच्या घरी राहिले, आणि इथेच भीमाने बकासुराला मारले. खानदेशातले एरंडोलकर हाच मान आपल्या गावासाठी मागतात, आणि देशात आणखीही दावेदार आहेत. तो वाद मी सोडवणार नाही, कारण माझे आजोळ एका पक्षाचे आहे. पण ती गोष्ट नीट आठवून पाहा. जंगलातल्या बकासुराला गावाने रोज काय पाठवायचे? गाडीभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस. घराघराची पाळी ठरलेली. लहानपणी आम्हांला यातला गंमतीचा भाग एवढाच वाटे की भीमाने गाडीतले सगळे स्वतःच खाल्ले. ज्या घराची पाळी होती त्या घरातली आदली रात्र कशी गेली असेल, हे आजोळी कोणी सांगितले नाही.

ते मला मामांनी सांगितले, आणि तेही फोनवर. मामा सत्तरीचे, केळझरला घर, आणि शेत हिंगणीच्या अंगाला. येणार म्हणून कळवायला फोन केला आणि सहज बोलून गेलो की, नातवाला रात्र उघड्यावर काढायची होती, पण परवानगी नाही. मामा हसले.

“उघड्यावर झोपाले परवानगी कायले लागते, बापू? माह्या वावरात ये म्हणा. मी तं चार महिने उघड्यावरच रायतो.”

यात विनोद नव्हता. सोयाबीन निघाले तरी कापूस उभा असतो, तूर फुलावर येते, हरभरा पेरला जातो. रात्री रानडुकरांचा कळप आला तर एका प्रहरात वावर नांगरल्यासारखे करून जातो. उरलेले रोही खातात. म्हणून जागल. चार बल्ल्यांवर बांधलेले मचाण, एक घोंगडी, एक बॅटरी आणि वाजवायला टिनाचा डबा. मामांचा गडी गेल्या वर्षी सोडून गेला. मुलगा पुण्याला नोकरीत आहे. सत्तरीतला माणूस रात्री दोन वाजता उठून डबा वाजवतो. दोन वर्षांपूर्वी त्यांची गाय वाघाने नेली. पंचनामा झाला, सरकारी भरपाई मिळाली, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. “पैसे आले, बापू. पण वासरू आठ दिवस हंबरत होतं, त्याले काय भरपाई देता?” मग जरा थांबून म्हणाले, “तुमी पैसे देऊन वाघ पाहाले येता, अन् आमी तो दिसू नये म्हणून डबे वाजवतो.”

मी विचारले, कुंपण का नाही घालत? सौर कुंपणाला पैसा लागतो, आणि काही जण सरळ विजेच्या तारेचा आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडतात, ते बेकायदा आणि जीवघेणे. २०१७ च्या ऑक्टोबरात, ब्रह्मपुरीहून आणून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यातल्या अशाच एका शेताच्या कुंपणाला लागून मेली. तिने माणसे मारली होती, तिला ठार करण्याचा हुकूम निघाला होता, त्यावर कोर्टात वाद झाला होता; आणि शेवट केला तो डुकरांसाठी लावलेल्या तारेने. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोरचा नावाजलेला वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने गेला. जंगल एवढेसे, वाघाची भटकंती एवढी मोठी. फाटकाबाहेर पडला की पुढे एकतर कोणाचे तरी वावर, नाहीतर रस्ता. मामा म्हणाले, “तार मी लावणार नाही. उद्या गडीमाणूस लागला तं?”

हा सगळा वृत्तांत मी घरी सांगितला. चिरंजीव प्रथमच मोबाइल खाली ठेवून ऐकत होते. “मला मचाणावर जायचंय,” ते म्हणाले. आणि मग आमच्या घरी सहलीवरून झालेला खरा वाद सुरू झाला. हिचे म्हणणे, जिथे गाय गेली तिथे मुलगा पाठवायचा नाही. आईचे म्हणणे, माझा भाऊ तिथे रोज एकटा असतो त्याचे काय? हिने शांतपणे विचारले, “त्यांनाही जाऊ देऊ नये, असंच मला वाटतं, पण ते ऐकतील का?” सासू-सुनेत दोन दिवस कामापुरतेच बोलणे झाले. फराळातल्या चकल्या त्या दोन दिवसांतल्या आहेत. कडक झाल्या आहेत.

अखेर ठरले ते असे. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास निघायचे, म्हणजे चांदणे असेल. पहिला दिवस केळझर. सकाळी गणपती, किल्ल्याच्या टेकडीवर चिरंजीवांनी हवे तितके चढउतार करावे, तिथे कोणी गाडीत बसा म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सेलू-हिंगणीमार्गे बोरधरण, सकाळची फेरी. गाडीत आवाज नाही, फराळ नाही, भडक कपडे नाहीत. वाघ दिसला तरी चालकाला पुढे रेट म्हणायचे नाही, आणि वाट अडते आहे असे दिसले तर मागे घे म्हणायचे. हे काम हिने स्वतःकडे घेतले आहे. रात्री मामांच्या वावरात, पण दहापर्यंतच. गाडी मचाणाखाली उभी, चिरंजीव वर, मी त्यांच्या शेजारी. दहानंतर मुलाला घेऊन ही गावात परतेल आणि मी मामांबरोबर जागलीला थांबेन. “एक रात्र तरी दादा झोपेल,” आई म्हणाली. मामा झोपतील असे मला वाटत नाही, पण तसे मी बोललो नाही.

चिरंजीवांना ‘दहापर्यंत’ मंजूर नाही. त्यांची बोलणी अजून आईशी, म्हणजे त्यांच्या आजीशी, गुप्तपणे चालू आहेत. मात्र काल त्यांनी मित्राचा तंबू परत केला आणि मामाआजोबांसाठी चांगल्या झोताची बॅटरी घ्यायला माझ्याकडे पैसे मागितले. आई सामानाच्या यादीवरून बोट फिरवत होती. मध्येच थांबून तिने विचारले, “दादाचा तो टिनाचा डबा अजून वाजतो ना रे? नाहीतर हा चिवड्याचा रिकामा होतोच आहे.”