शिंगवाला डायनासोर आपलाही होता!



सुटीनिमित्त भरलेल्या हलत्या डायनासोरांच्या प्रदर्शनाची छायाचित्रे आपल्या अंकात आली आणि शिरवळमधली निम्मी पोरे आई-बापांच्या मागे लागून ते पाहून आली. मीही नातवाला घेऊन गेलो. गर्दीबद्दल, तिकिटाच्या दराबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार प्रवेशद्वारावरच्या शिंगवाल्या कार्नोटॉरसबद्दल आहे. 'ज्युरासिक वर्ल्ड'च्या २०१८ मधल्या चित्रपटात पेटलेल्या बेटावर धावून येतो, तोच हा. पोरांना त्याचे नाव तोंडपाठ होते. फलकांवर अर्जेंटिना होते, अमेरिका होती, चीन होता. भारत एकाही फलकावर नव्हता. "आजोबा, आपल्याकडे डायनासोर नव्हते का?" असे नातवाने विचारले, तर माहिती सांगायला उभ्या असलेल्या तरुणाने परस्पर सांगून टाकले, "नाही, भारतात नव्हते."

नव्हते कसे? २००३ साली राजासॉरस नर्मदेन्सिस जगापुढे आला. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला १९८०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी गोळा केलेली हाडे होती ती. सुरेश श्रीवास्तव, अशोक साहनी यांच्यासारख्या आपल्या संशोधकांनी जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो या अमेरिकी संशोधकांच्या जोडीने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मांसाहारी, दोन पायांवर चालणारा आणि डोक्यावर एक बुटके शिंग असलेला! चित्रपटातला दोन शिंगांचा कार्नोटॉरस अर्जेंटिनाचा. होसे बोनापार्ट यांनी १९८५ साली त्याचे वर्णन केले. दोघे एकाच कुळातले, अ‍ॅबेलिसॉरिड. म्हणजे पडद्यावर पाहून आपली मुले ज्याला घाबरतात, त्याचा भाऊबंद याच देशात शिकार करून जगत होता. राजासॉरस २००३ पासून ठाऊक आहे. त्यानंतर जन्मलेली मुले कॉलेज शिकून नोकरीला लागायची वेळ आली, तरी आमच्या पोरांना सांगितले जाते, भारतात डायनासोर नव्हते!

महाराष्ट्रात तर हे अज्ञान अजिबात खपवून घेता कामा नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला १९८०च्या दशकात लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडे निघाली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्यांचा अभ्यास केला आणि आज जग त्या प्राण्याला आयसिसॉरस म्हणून ओळखते. त्याच जिल्ह्यात पिसदुरा आहे. तिथे सापडलेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच, ही समजूत २००५ साली त्या शोधाने मोडीत काढली. चंद्रपूरच्या मातीने साऱ्या जगाला नवा धडा दिला आणि चंद्रपूर ज्या राज्यात आहे त्या राज्यातली मुले अर्जेंटिनाचा प्राणी पाहायला तिकीट काढतात. राजासॉरसचे नाव आपल्याकडे दिसते ते खोपोलीच्या इमॅजिकातल्या पाण्याच्या राइडवर. करमणूक करणाऱ्यांना जे सुचले, ते शिक्षण देणाऱ्यांना का सुचू नये?

शेजारच्या गुजरातने रैयोलीला २०१९ साली डायनासोर संग्रहालय उघडले. अंड्यांचे, हाडांचे जीवाश्म जिथे निघाले तिथेच मुले ते पाहतात. आपल्याकडे डोंगरगाव आणि पिसदुरा ही नावे किती शिक्षकांना ठाऊक आहेत? माझ्या ओळखीच्या शिक्षकांना मी विचारून पाहिले. एकालाही ठाऊक नव्हती.

कुणी म्हणेल, आपल्या सातारा जिल्ह्याला याचे काय? सारे काही साताऱ्याचेच आहे! चित्रपटात बेटावर ज्वालामुखी फुटतो आणि डायनासोर सैरावैरा पळतात. तसले अग्नितांडव खरोखर घडले ते इथे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या अखेरच्या काळात, दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. शिरवळची लेणी ज्या कातळात कोरली आहेत, तो कातळ त्याच लाव्ह्याचा. डायनासोर लघुग्रहाने संपले की त्यात या लाव्ह्याचाही वाटा होता, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे आणि त्या वादात वाई, महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर ही नावे परदेशातल्या शोधनिबंधांतून छापली जातात, कारण लाव्ह्याच्या थरांना नावेच या गावांची आणि घाटाची दिली आहेत. खंबाटकी घाट उतरला की वाई. आमची पोरे त्याच दगडावर खेळतात आणि त्यांना यातले अक्षरही कुणी सांगत नाही.

खंबाटकीचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. नव्या बोगद्यासाठी डोंगर कापला, रस्ते रुंद केले. हे सारे व्हायलाच हवे. पण कोट्यवधी रुपये खर्चून डोंगर फोडणाऱ्यांना, हा दगड कसा आणि कधी तयार झाला हे सांगणारा एक मराठी फलक घाटात लावता येऊ नये? महामार्गावर हॉटेलांच्या जाहिरातींना जागा आहे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना जागा आहे. दख्खनच्या इतिहासाला तेवढी नाही!

माझे म्हणणे थोडक्यात असे. मुलांसाठी असले प्रदर्शन भरवायला परवानगी देताना प्रशासनाने त्यात भारतीय डायनासोरांची खरी माहिती मराठीत लावण्याची अट घालावी. आमच्या गावात क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जनावरांच्या हाडांचा सांधा न् सांधा जाणणारी माणसे तिथे आहेत. त्यांना तालुक्यातल्या शाळांत बोलवावे. जबडा, कणा, मांडीचे हाड यांवरून प्राणी कसा ओळखतात हे मुले त्यांच्याकडून शिकतील. आणि राज्य सरकारने डोंगरगाव-पिसदुऱ्याच्या जीवाश्मांच्या प्रतिकृती जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवाव्यात. चित्रपट मुलांनी जरूर पाहावेत, कार्नोटॉरसही पाहावा. पण राजासॉरसचे नाव ऐकल्याशिवाय एकही मूल दहावीतून पुढे जाता कामा नये. २००३ पासून झाला तेवढा उशीर पुरे.

— एक आजोबा, शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा