कोडमधली काटामारी

ऊसपट्ट्यात 'काटामारी' हा शब्द पोरांनाही कळतो. वजनकाट्यावर ऊस कमी भरला, की शेतकरी रस्त्यावर उतरतो. पण काट्यावर बरोबर भरलेला ऊस कॉम्प्युटरच्या हिशेबात कमी झाला, तर? तिथं 'सिस्टिमनं काढलंय' म्हटलं की विषय संपतो. तो संपू नये, म्हणून हे लिहितोय.

मी कोल्हापुरात सॉफ्टवेअर लिहितो. घरच्या उसाचा हिशेब पडताळायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. 2024-25 च्या एफआरपीचं गणित साधं आहे: 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. उतारा 11.95 धरला. त्यातून 10.25 वजा केले की 1.70 उरतात, म्हणजे सतरा टप्पे. शाळेतलं पोरगं सांगेल. माझ्या प्रोग्रॅमनं सोळा सांगितले.

एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसा 0.1 बायनरीत संपत नाही. 11.95 सुद्धा नाही. फ्लोटमध्ये तो आकडा किंचित कमी साठतो. वजाबाकी येते 1.6999999999999993, भागाकार 16.999999999999993. तो मी 'इंट'मध्ये टाकला. इंट जवळचा पूर्णांक शोधत बसत नाही, दशांशचिन्हापुढचं सरळ छाटतो. क्विंटलमागे 3.32 रुपये गेले. शंभर टनांना 3,320.

कुठला कारखाना असं करतो, असा माझा दावा नाही. चूक माझी होती. राग येतो तो आमच्या धंद्यातल्या ठरलेल्या उत्तरांचा.

'फ्लोट असाच असतो.' असतो ना, पण पैशासाठी तो निवडला कुणी? 'शेवटी राउंड कर.' टप्पा आधीच गेलाय. सोळाला राउंड केलं तरी सोळाच. 'एवढ्याशा फरकानं काय होतंय?' 25 फेब्रुवारी 1991 ला सौदीतल्या धहरानमध्ये पॅट्रियट यंत्रणेचं घड्याळ असंच चुकलं. ती वेळ सेकंदाच्या दशांशात मोजायची आणि तो 0.1 चोवीस बिटांत छाटलेला होता. शंभर तासांत सुमारे 0.34 सेकंदाचा फरक साचला. स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही, 28 अमेरिकन सैनिक मेले.

उपाय अवघड नाही. उतारा टक्क्याच्या शतांशात पूर्णांक म्हणून ठेवा: 1195 वजा 1025, भागिले 10, बरोबर 17. दर पैशांत ठेवा: 332. नाहीतर डेसिमल प्रकार वापरा. जावाच्या बिगडेसिमलला आकडा स्ट्रिंग म्हणून द्या. डबलमधून दिलात तर बिघाडही सोबत जातो.

इंजिनिअरिंगला 'इंट आणि फ्लोटमधला फरक' आम्ही दोन मार्कांना पाठ केला. तो फरक कुणाच्या खिशातून जातो, हे कुणी विचारलं नाही. म्हणून मागणी एकच: बिलावर उतारा, टप्पे आणि दर वेगवेगळे छापा. मग शेतकरी पेन्सिलीनं आमचा कोड तपासेल. त्याला घाबरणाऱ्यानं पैशाचा हिशेब लिहायला घेऊच नये.