दुभाष्याच्या भरवशावर

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात व्हिडिओ गेमवर लेख पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. त्यांना एवढीच विनंती, की दोन पाने धीर धरावा. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करही येणार आहेत. विद्यार्थिमित्रांना वेगळे सांगायला नकोच. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहातल्या किती खोल्यांतून गोळीबाराचे आवाज येतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल थांबवली. तिच्या जागी आलेली ‘विंडोज ११’ जुन्या यंत्रांना दारात उभे करीत नाही. तिला ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट सोय लागते. थोरल्या भावाने वापरून खाली दिलेला लॅपटॉप (आमच्यापैकी पुष्कळांकडे असाच असतो) चांगला चालत असूनही अशा रीतीने बाद ठरतो. नवा घेणे परवडत नाही आणि चोरीची विंडोज मनाला पटत नाही, अशांना एक वाट उरते ती लिनक्सची. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही सुखाने नांदते, मराठी अक्षरे नीट उमटवते. मी गेली दोन वर्षे तेच वापरतो. पण हे कोणाला सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला : “त्यावर गेम चालतात का रे?” निबंध टाइप करता येतो का, असे आजवर एकानेही विचारलेले नाही!

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. अठरा-वीस वर्षांचा मुलगा कोणता संगणक वापरणार, हे पुष्कळदा खेळांवरूनच ठरते. आणि या वयात हाताला पडलेले वळण पुढे नोकरीतही सुटत नाही. म्हणून उत्तर सरळ देतो. चालतात, आणि पुष्कळ चालतात, पण दुभाष्यामार्फत. या दुभाष्याच्या भरवशावर किती काळ राहायचे, याविषयी मला लिहायचे आहे.

लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. तेव्हापासून खेळणाऱ्यांच्या जगात लिनक्सची अवस्था पंगतीच्या शेवटी बसलेल्या पाहुण्यासारखी राहिली. ‘डूम’ हा गाजलेला खेळ डिसेंबर १९९३ मध्ये निघाला आणि १९९४ मध्ये लिनक्सवर आला खरा, पण तो ज्यांनी केला त्यांच्या हौसेमुळे. धंदा म्हणून पहिला मोठा प्रयत्न केला तो ‘लोकी सॉफ्टवेअर’ या अमेरिकन कंपनीने. १९९८ मध्ये ती निघाली. दुसऱ्यांचे खेळ घ्यायचे, ते लिनक्ससाठी नव्याने बांधायचे आणि विकायचे, असा तिचा बेत होता. माल चोख होता, गिऱ्हाईक मात्र पुरेसे नव्हते. २००२ च्या जानेवारीअखेर दुकानाला कुलूप लागले. मागे उरले ते त्या कंपनीतल्या सॅम लँटिंगा या प्रोग्रॅमरचे ‘एसडीएल’ नावाचे साधन. एकच खेळ निरनिराळ्या प्रणालींवर नेण्यासाठी ते आजही सर्रास वापरले जाते. कंपनी बुडाली, अवजार जगले.

आता दुभाष्याकडे वळू. विंडोजसाठी लिहिलेला खेळ क्षणाक्षणाला विंडोजकडे काही ना काही मागत असतो : ही फाइल उघड, हा आवाज काढ, पडद्यावर इथे त्रिकोण रंगव. लिनक्सला ही बोली कळत नाही. ‘वाइन’ नावाचा प्रोग्रॅम मध्ये बसतो, प्रत्येक मागणी ऐकतो आणि लिनक्सच्या बोलीत पुढे सांगतो. खोटा संगणक उभा करून त्यात विंडोज चालवण्याचा हा प्रकार नव्हे. त्यामुळे वेग फारसा मरत नाही. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि त्याची ‘१.०’ ही पहिली पक्की आवृत्ती निघाली २००८ मध्ये! पंधरा वर्षे. मायक्रोसॉफ्टचा व्याकरणग्रंथ हाती नसताना, केवळ ती बोली ऐकून ऐकून हा शब्दकोश रचावा लागला. आमच्या भाषाशास्त्राच्या वर्गात या मंडळींचे नाव निघायला हरकत नसावी.

तरीही खेळांचे चित्रांकन अडत होते, कारण विंडोजमधली चित्र काढण्याची भाषा, ‘डायरेक्ट थ्रीडी’, फारच वेगळी. २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ ही सर्वांना खुली अशी नवी चित्रभाषा आली. पुढे फिलिप रेबोले याने ‘डीएक्सव्हीके’ हा पहिल्या भाषेतून दुसरीत उतरवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ‘नीअर : ऑटोमाटा’ हा खेळ आपल्या लिनक्सवर खेळायला मिळावा, ही त्यामागची ओढ. ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला हाताशी धरले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके व इतर तुकडे एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ बाहेर काढले. तेव्हापासून खेळणाऱ्याला काही जुळवाजुळव करावी लागत नाही. खेळ उतरवून घ्यायचा, कळ दाबायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीने लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र आणले. त्याच महिन्यात ‘एल्डन रिंग’ हा खेळ निघाला, आणि विंडोजवर तो मध्येच अडखळतो अशी ओरड झाली. डेकवर तो अधिक सुरळीत चालल्याचे परीक्षकांनी नोंदवले. मूळ वक्त्यापेक्षा दुभाषी स्पष्ट बोलला, असा हा प्रकार!

व्हॉल्व्हने हे धर्मादाय केले नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडले, तेव्हा आपले दुकान उद्या दुसऱ्याच्या जागेतून उठवले जाईल, ही धास्ती व्हॉल्व्हला पडली. २०१५ ची त्यांची ‘स्टीम मशीन’ यंत्रे आपटली, तरी त्यांनी नाद सोडला नाही, तो याच कारणाने. उद्या धनी बदलला, धोरण फिरले, तर? ही शंका रास्त आहे. पण वाइन, डीएक्सव्हीके आणि प्रोटॉन यांची मूळ लेखने सर्वांना खुली आहेत. पैसा थांबला तर काम मंदावेल. झालेले काम कोणाला परत नेता येणार नाही. लोकीच्या काळी विकत घेतलेला खेळ कंपनीबरोबर अनाथ झाला. आज तसे होणार नाही, एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

लिनक्सच्या जुन्या भक्तांचा आक्षेप निराळा आहे. दुभाष्याची सोय झाली की लिनक्ससाठी म्हणून खेळ कोण लिहील? अनुवाद मुळाला मारतो, असे त्यांचे म्हणणे. इथे मी किर्लोस्करांना साक्षीला बोलावतो. १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे राहिले ते कालिदासाच्या आधारावर. त्याने प्रेक्षक जमवला, नटसंच घडवला, गाण्याची गोडी लावली. आणि १८८२ मध्ये त्याच रंगभूमीवर ‘सौभद्र’ आले. आधी अनुवादाने घर बांधले, मग त्यात स्वतःचे मूल जन्मले. लोकीने उलटा क्रम धरला होता. प्रेक्षक जमण्याआधीच थिएटर बांधले.

शिवाय लहान मंडळींचाही विचार हवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर बेतलेला देखणा खेळ काढला. संगणकावर तो आला विंडोजसाठी; लिनक्सची वेगळी आवृत्ती नाही. त्यावरून त्यांना दोष देणारा मनुष्य मला कृतघ्न वाटेल. एवढ्याशा चमूने मूठभर लोकांसाठी दुसऱ्यांदा बांधकाम का करावे? माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर ‘राजी’ दुभाष्याच्या मदतीने, चित्रांचा दर्जा खाली ठेवून, धापा टाकत का होईना, चालतो. मला तेवढे पुरते.

खरी धोंड वेगळीच आहे, आणि तिला दुभाषी हलवू शकत नाही. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांत लबाडी करणारे असतात. त्यांना पकडायला कंपन्या खेळासोबत पहारेकरी पाठवतात. २०२० च्या ‘व्हॅलोरंट’चा ‘व्हॅनगार्ड’ हा पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यात जाऊन बसतो. २०२४ मध्ये तो ‘लीग ऑफ लीजंड्स’मध्येही आला आणि तोवर वाइनच्या आधारे खेळणारे लिनक्सवाले एका दिवसात बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ‘एपेक्स लीजंड्स’नेही लिनक्सला दार बंद केले. कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. लिनक्सचा गाभाच ज्याला त्याला बदलून घेता येतो. मग पहारेकऱ्याने विश्वास ठेवायचा कोणावर? पण खेळाच्या चौकीदाराला घराच्या तिजोरीची किल्ली का द्यावी, हाही प्रश्न आहेच. गाभ्यात शिरलेल्या परक्या प्रोग्रॅमची एक चूक किती महागात पडते, हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे आडवी केली. विमाने अडकली, रुग्णालये खोळंबली. लबाडी खेळाच्या मुख्य संगणकावर, खेळाडूंच्या चालींवरून ओळखावी. ते महाग आणि किचकट आहे. पण तो खर्च कंपनीचा आहे. माझ्या घराचे कुलूप काढून तो वाचवू नये.

हे सगळे पटले तरी संध्याकाळी चार मित्र एका खोलीत जमतात, आणि त्यांचा खेळ आपल्या यंत्रावर चालत नाही, तेव्हा तत्त्वज्ञान फार वेळ सोबत करीत नाही. स्टीमच्या मासिक पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सवाल्यांचे प्रमाण प्रथमच शेकडा तीनच्या वर गेले. शंभरांत तीन! एवढ्यांसाठी कोणती कंपनी आपला पहारा बदलेल? आणि पहारा बदलल्यावाचून ते तिघे तीस कसे होतील? एकट्याने खेळायच्या खेळांपुरते लिनक्सचे भवितव्य मला उजळ दिसते. सोबतीने खेळायच्या खेळांत मात्र ते अजून बरीच वर्षे दुसऱ्यांच्या मर्जीवर राहील, असा माझा कयास आहे.

तूर्त एक मर्जी आपल्या हातातली आहे. गेल्या स्नेहसंमेलनात जिमखान्याने जी गेमची स्पर्धा ठेवली, तिला असाच गाभ्यात बसणारा पहारेकरी लागत होता. लिनक्सवाले आम्ही सातजण नाव नोंदवून प्रेक्षकांत बसलो. ‘डोटा २’ फुकट आहे, लिनक्ससाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती आहे, दुभाषीही लागत नाही, आणि चित्रांचा दर्जा उतरवला की जुन्या यंत्रावरही तो निभावतो. जिमखान्याच्या चिटणिसांकडे मी तसा लेखी अर्ज दिला आहे. ज्यांची सही करण्याची इच्छा असेल, त्यांनी सूचनाफलकाजवळ दुपारच्या सुट्टीत मला गाठावे.