निकाली कुस्ती बरोबरीत

मी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेला माणूस. अशक्य गोष्टींशी माझं वाकडं नाही. माणूस आकाशात उडतो म्हणालात, उडू दे बापडा. कपड्यांवरून चड्डी घालतो म्हणालात, तर ती आमचा वेताळही घालायचा. माझा राग निराळाच आहे.

१९९६ साली अमेरिकेतल्या मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापले महावीर एकमेकांवर सोडून चार अंकांची मालिका काढली. कथा अशी, की दोन विश्वं म्हणजे दोन भाऊ. (भाऊबंदकी! इथवर गोष्ट मला अगदी घरची वाटली.) दोघांच्या वीरांच्या अकरा कुस्त्या, आणि हरेल त्याचं विश्व नाहीसं. शिवाय त्यातल्या पाच कुस्त्यांचा निकाल वाचकांच्या मतांनी. म्हणजे लोकशाहीसुद्धा!

आता निकाल पाहा. बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका गटारात झुंजतात, कुणी कुणाला हटत नाही. एवढ्यात पाण्याचा लोंढा येतो, कॅप्टनचा तोल जातो आणि बॅटमॅन जिंकतो. अहो, मतं वाचकांनी द्यायची आणि निकाल ड्रेनेज खात्यानं लावायचा? अ‍ॅक्वामॅन तर नेमॉरच्या अंगावर देवमासाच आणून आदळतो. ते एक वेळ परवडलं. निदान देवमासा दिसला तरी! वुल्व्हरिन आणि लोबो दारूच्या गुत्त्यात भिडतात, भिडता भिडता काउंटरमागे जातात, आणि थोड्या वेळानं वुल्व्हरिन सिगार ओढत वर येतो. झाली कुस्ती. या दोघांच्याही जखमा आपोआप भरून येतात. मग त्यातला एक हरला कसा, हीच तर खरी गोष्ट होती! ती राहिली काउंटरमागे.

शेवटी सहा विरुद्ध पाच, मार्व्हलची सरशी. ठरल्याप्रमाणे डीसीचं विश्व बुडायला हवं. बुडतं कसलं! आधी दोन्ही विश्वांची खिचडी होते (तिचेही बारा अंक वेगळे काढून विकले), मग भावांना उपरती होते आणि सगळं जिथल्या तिथे. दुकान कुणाचंच बंद व्हायचं नव्हतं, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण मग विश्व पणाला लावलं कशाला?

१९७६ साली याच कंपन्यांनी सुपरमॅन आणि स्पायडरमॅनची गाठ घातली होती. स्पायडरमॅनच्या ठोशानं सुपरमॅन हलेल कसा, हा प्रश्न लेखकाला पडला होता. म्हणून त्यानं लेक्स लूथरकडून स्पायडरमॅनवर गुपचूप लाल सूर्याचे किरण सोडवले. किरणांचा जोर ओसरला तशी सुपरमॅनला मारता मारता त्याचेच हात दुखू लागले. लबाडीच ती, पण वाचकाला डोकं असतं हे धरून केलेली.

“अहो, पोरांची पुस्तकं ती, एवढं काय मनावर घेता?” असं आमच्या घरात म्हणतात. पण पोरं नियमांच्या बाबतीत फार कडक असतात. आउट झाल्यावर बॅट घेऊन घरी जाणाऱ्या मुलाला गल्ली वर्षभर विसरत नाही. इथे तर दोन्ही मालक बॅट घेऊन घरी गेले, आणि जाताना गळ्यात गळे घालून गेले.

माझ्याकडे ते चारही अंक आहेत. काउंटरमागचं ते एक पान कुणी आणून दाखवलं, तर चारही त्याला देऊन टाकीन.