‘छान बारीक झालीस गं!’

फराळाचं ताट पुढे येतं आणि पाठोपाठ कुणाच्या तरी अंगावर शेरा पडतो. ‘छान बारीक झालीस गं!’ नाहीतर ‘तू चकली नको घेऊस हं.’ वर्षभर हे ऐकून आमचे कान किटले आहेत. ‘फराळ करा, पण वजन सांभाळा’ हा लेख तर दरवर्षी नव्या नावाने आमच्या दिवाळी अंकाच्या टपालात येतो. यंदाही साभार परत केला.

वर्षाचा आढावा इतरत्र वाचालच, इथे एकच नोंद. २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. मधुमेह आणि स्थूलतेवर ही कामाची औषधं आहेत, वाद नाही. पण लग्नाआधी चार किलो उतरवायला त्यांची चौकशी होऊ लागली, तेव्हा आमचा पारा चढला.

कारण बारीक होण्याच्या या कौतुकाच्या आड एक आजार लपतो. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या धास्तीने स्वतःला उपाशी ठेवणं, ही मोबाइलने आणलेली थेरं नव्हेत. १८७३ मध्येच लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी आपापल्या परीने तिचं वर्णन केलं होतं. मानसिक आजारांत सर्वाधिक जीवघेण्या आजारांपैकी ती एक आहे. बुलिमियात, म्हणजे भरमसाठ खाऊन ते ओकून टाकण्याच्या आजारात, तर वजन बहुधा नेहमीसारखंच दिसतं, त्यामुळे घरात संशयही येत नाही. आपल्याकडे भर पडते ती उपासांची. सोमवार, चतुर्थी, एकादशी असं करत पोरगी आठवडा काढते आणि आजी कौतुकाने म्हणते, ‘किती श्रद्धाळू!’ पोरीची पाळी थांबलेली असते, ती जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाते, सगळ्यांना आग्रहाने वाढते आणि स्वतः ‘मघाशीच खाल्लं’ म्हणते. हे मुलग्यांनाही होतं. तिथे त्याला ‘फिटनेस’ म्हणतात.

‘खायला मिळत नाही त्यांचं बघा, हे श्रीमंतांचे चोचले,’ असं एक पत्र हमखास येईल. त्यांच्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगतो. १९४४-४५ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला नकार देणारे हे स्वयंसेवक होते. वजन पाव हिश्शाने उतरलं, ते ठरलेलंच होतं. पण हे धडधाकट गडी दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जेवण विनाकारण लांबवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांना बराच काळ पोट भरल्याचं कळेना. उपासमार डोकंच बदलून टाकते, मग ती दुष्काळाची असो वा आरशाची.

म्हणून ‘आधी मन सावरू दे, मग जेवेल’ हे उलटं आहे. अन्न हेच पहिलं औषध, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेततं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात किशोरवयीन मुलांसाठी जी पद्धत घडली, तिच्यात आईवडिलांना दोष देत नाहीत. ताटाची सूत्रं काही काळ त्यांच्याकडे येतात आणि मूल सावरेल तशी हळूहळू त्याच्याकडे परत जातात. बरं व्हायला महिने जातात, कधी वर्षं. मध्येच घसरण होते, तरी पुष्कळजण पूर्ण बरे होतात. आपल्या घरांना ही पद्धत जमेल, फक्त ताटाशेजारी बसणाऱ्या आत्या-मावशांनी शेरे आवरायला हवेत.

यंदाचं आमचं सूत्र ‘मोजमाप’. जमीनमोजणीपासून वृत्तांच्या मात्रांपर्यंत सगळं आत आहे. वजनकाट्याला तेवढी जागा दिलेली नाही. वजन घटवण्याच्या जाहिरातीही घेतल्या नाहीत, त्यामुळे अंक थोडा बारीक झाला आहे. त्याचं मात्र कौतुक करायला हरकत नाही.

वाचकहो, घरात कुणाचं खाणं बिघडल्यासारखं वाटलं तर दिवाळी उरकायची वाट पाहू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.