वाद्यवृंदासमोर विजेची गिटार

ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवाचा मांडव आणि हिंदी चित्रपटगीते उभी राहतात. युरोपातला ऑर्केस्ट्रा वेगळा. साठ-सत्तर, कधी नव्वद वादक समोरच्या कागदावर लिहिलेले तेवढेच वाजवतात, आणि एरवी ध्वनिवर्धकाची मदतही घेत नाहीत. अशा शिस्तीच्या घरात इलेक्ट्रिक गिटारने पाऊल टाकले, तेव्हा नाके मुरडली जाणे साहजिकच होते.

24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते घडले. 'डीप पर्पल' या रॉक चमूचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याने आपला चमू आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी तीन भागांचा कन्चेर्टो लिहिला होता. काही वादकांना ही सोयरीक रुचली नव्हती. संचालक माल्कम अर्नॉल्ड मात्र, स्वतः नामांकित संगीतकार असूनही, लांब केसांच्या या पोरांच्या पाठीशी उभे राहिले. लॉर्डची युक्ती साधी होती. दोन्ही घराणी एकमेकांची नाहीत, हे त्याने लपवलेच नाही. पहिल्या भागात ती समोरासमोर ठाकतात, एकमेकांना अडवतात, आणि मग रिची ब्लॅकमोरची गिटार सुटते. दिलजमाई होते ती पुढे, सावकाश.

मुळात अडचण नुसत्या मोठ्या आवाजाची नाही. आवाज कमी करता येतो. व्हायोलिनवादक गज कधी हलका फिरवतो, कधी दाबून, आणि त्या चढउतारात या संगीताचा जीव असतो. गिटारचा सूर अॅम्प्लिफायरमध्ये मुद्दाम फाटवला की तार हळू छेडा वा जोरात, तो जवळपास सारखाच निघतो. पण त्याच फाटलेल्या सुराचा गुणही मोठा. साधी गिटार टणत्कार करून विझते. ही गजाच्या वाद्यासारखी सूर धरून ठेवते. शिवाय प्रश्न लयीचा. रॉकवाला ड्रमच्या ठोक्यावर पाय रोवतो. वाद्यवृंद संचालकाच्या छडीकडे पाहतो आणि पुष्कळदा तिच्या किंचित मागून येतो. एवढ्याशा अंतरातही मैफल घसरू शकते.

स्वीडनच्या यंग्वी माल्मस्टीनचा गिटार-कन्चेर्टो 1998 साली आला, साथीला चेक फिलहार्मोनिक. पॅगानिनीचा हा भक्त. बोटांची चपळाई थक्क करणारी. पण मला विचाराल तर तिथे वाद्यवृंद जरीच्या पडद्यासारखा मागे टांगलेला राहतो. भांडणच नाही, मग समेट कसला? घरातल्या गिटार शिकणाऱ्या मुलाला अर्थात हेच अधिक आवडेल. त्याला लॉर्डचा पहिला भागही एकदा ऐकवावा.

तोही आज ऐकायला मिळतो तो एका वेड्या माणसामुळे. 1970 नंतर लॉर्डची हस्तलिखित स्वरलिपीच हरवली. पुढे नेदरलँड्समधल्या मार्को द खूय या तरुण संगीतकाराने जुने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून, चित्रफीत पाहून, त्या गदारोळातून एकेक वाद्य कानाने वेगळे काढले आणि सारे पुन्हा लिहिले. लॉर्डने ते तपासून दुरुस्त केले. सप्टेंबर 1999 मध्ये त्याच सभागृहात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते वाजवले. गिटारवर या वेळी स्टीव्ह मोर्स होता. ब्लॅकमोरने 1993 मध्येच चमू सोडला होता. आणि हे वाद्यवृंदाचे प्रकरण त्याला तेव्हाही फारसे मानवले नव्हते.