भिवंडीच्या गोदामांचा विमा आणि पुनर्विम्याचे दर: विमा नियामकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद



मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे या आमच्या गावांत सूत, ग्रे कापड, प्लास्टिक आणि रसायने एकेका भिंतीच्या अंतरावर साठवलेली असतात. एका गाळ्याला आग लागली की शेजारचेही पेटतात. अनेक गोदामे परवानगीविना उभी राहिली, बंब शिरायला रस्ता नाही, हे आम्ही नाकारत नाही. इतका धोका कोणतीही विमा कंपनी एकटी पेलत नाही, त्यातला वाटा ती पुनर्विमा कंपनीकडे सोपवते.

2007 मध्ये आगीच्या विम्याचे सरकारी दर उठले आणि कंपन्यांनी चढाओढीत हप्ते खूप खाली आणले. 2019 मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने लगाम खेचला. तुमच्याच प्राधिकरणाने उभारलेल्या विमा माहिती ब्युरोने काढलेल्या दराखाली विमा विकला, तर निवडक व्यवसायांना पुनर्विम्याचा आधार मिळणार नाही, असे तिने कंपन्यांना बजावले. मला ते पटते. तोट्यात विकलेला विमा मोठ्या आगीच्या दिवशी कोणाच्याच कामाचा नसतो.

पण हा दर व्यवसायाच्या नावावर बसतो. ज्याने पाण्याची टाकी बांधली, स्प्रिंकलर लावले, दोन थप्प्यांमध्ये वाट मोकळी ठेवली, त्याची सुरुवात इतरांच्याच दरापासून होते. मोठा ग्राहक दलालामार्फत परदेशी पुनर्विमा कंपनीचा भाव मागवू शकतो. 2015 च्या कायद्याने अशा परदेशी कंपन्यांना इथे शाखा उघडता आल्या. दहा-वीस मागांच्या कारखानदाराला किंवा भाड्याच्या गाळ्यातल्या सूत व्यापाऱ्याला असा भाव कोण आणून देणार?

दीडपट पतक्षमता, जीआयसी रीला सक्तीने द्यायचा चार टक्के हिस्सा, पुनर्विमा आधी कोणाला देऊ करायचा याचा क्रम: तुमचे हे नियम कंपन्या उभ्या राहाव्यात म्हणून आहेत, आणि ते हवेतच. हप्ता भरणारा मात्र त्यांत कुठेच दिसत नाही. पुनर्विमा कंपनीशी त्याचा करार नाही, त्यामुळे तिला जाबही विचारता येत नाही. तो अधिकार तुमच्याकडे आहे.

म्हणून मागणी करतो. व्यवसायवार दर कोणत्या नुकसानीच्या आकड्यांवर काढले, ते दरवर्षी मराठीतही प्रसिद्ध करा. अग्निसुरक्षेची तपासणी झालेल्या गोदामाला किमान दरातच ठरावीक सूट द्यायला पुनर्विमा कंपन्यांना भाग पाडा. आणि पुनर्विम्याचे पैसे यायचे आहेत या कारणावरून आमचा दावा अडवता येणार नाही, असा स्पष्ट आदेश काढा.

आपला,
भिवंडीतील एक यंत्रमागधारक